कोचचा फळा

नोव्हेंबरच्या शेवटच्या शनिवारी दुपारी अमेरिकेत कॅरी गावाजवळच्या एका लहान कॉलेजचा अमेरिकन फुटबॉल संघ सीझनचा शेवटचा सामना तीन गुणांनी हरला. संघाचं ते दुसरं वर्ष, मुख्य कोचचं पहिलं. निम्मे सामने जिंकले तरच संघ चालू राहील, असं कॉलेजने त्याला नेमतानाच सांगितलं होतं. हा सामना जिंकले असते तर निम्मे झाले असते.

कोच न्यू जर्सीत जन्मलेला, आईवडील नागपूरचे. मी स्थानिक साप्ताहिकात सामन्यांच्या बातम्या लिहीत असे. पत्रकार परिषदेतही तो मला मावशी म्हणायचा. पत्रकार परिषद म्हणजे मी आणि कॉलेज रेडिओवरची एक मुलगी.

सामना संपला की खेळाडूंच्या खोलीतल्या फळ्यावर तो आधी स्वतःच्या चुका लिहायचा. पहिला सामना सपाटून हरले तेव्हा त्यातच फळा भरला. "तुमच्या उद्या," म्हणून त्याने मार्कर खाली ठेवला. दुसऱ्या दिवशी सकाळी फळ्यासमोर खेळाडूंची रांग लागली होती. प्रत्येकाला आपली चूक लिहायची होती. पुण्यात वर्तमानपत्राच्या नोकरीत मी बरीच मैदानं पाहिली. असं कुठे पाहिलं नव्हतं.

या खेळात ऐनवेळी चाल बदलायची तर ओरडून सांगावी लागते, आणि ते समोरच्यांनाही ऐकू जातं. म्हणून त्याने संघाला तीन मराठी शब्द शिकवले: डावा, उजवा, मधून.

"कोच, त्यांना कळलं तर?" एका धिप्पाड खेळाडूने विचारलं.

"मला शिकायला तीस वर्षं लागली. माझे बाबा अजून हसतात. समोरच्यांकडे तीन तास आहेत."

त्यानंतर संघ जिंकू लागला.

त्याचे बाबा, म्हणजे आम्हा सगळ्यांचे काका, प्रत्येक सामन्याला येत. शेवटच्या दिवशी आमच्या बाजूला डोळ्यांवर ऊन येत होतं, म्हणून काका आणि मी समोरच्या गॅलरीत, प्रतिस्पर्ध्यांच्या बाकामागे बसलो. कोच "डावा" ओरडला की काका शेजारच्या बाईंना इंग्रजीत सांगत, "माझा मुलगा. आता डावीकडे जाणार, बघा."

चाल डावीकडेच जाई. तिसऱ्या वेळी पुढच्या कठड्याशी उभ्या असलेल्या प्रतिस्पर्ध्यांच्या सहायक कोचने मागे वळून पाहिलं.

"काका, जरा हळू," मी म्हणाले.

"अहो, पोराचं कौतुकही करू नको की काय?"

पुढच्या सगळ्या चाली अडवल्या गेल्या.

सामन्यानंतर फळ्यावर एकच ओळ होती: शब्द मी निवडले.

बाहेर आल्यावर मी त्याला म्हटलं, "अरे, काका तिथे..."

"मावशी, माहीत आहे. उशिरा लक्षात आलं. बाबांना सांगू नकोस. मॅचला येणं कॅन्सल करतील."

"आणि बातमीत काय लिहू?"

"फळ्यावर आहे ते."

मी तेच लिहिलं.

डिसेंबरमध्ये संघ बंद झाला. कोच न्यू जर्सीत, वेस्ट विंडसरजवळच्या एका शाळेच्या संघाकडे लागला. काका मागच्या हिवाळ्यात गेले. त्याआधीचा अख्खा सीझन ते गॅलरीत नव्हते. संघाच्या बाकावर, कोचच्या शेजारी बसत होते. शब्द तेच तीन होते.