धर्माच्या रकान्यातली खाडाखोड

चहाचा ट्रे हातात धरून तो डोळे मिटायचा, आणि आमचा चहा निवायचा. आमच्या ऑफिसात रोजंदारीवर असलेला हा शिपाई ख्रिस्ती झाला होता. प्रत्येकाचं नाव घेऊन मोठ्यानं प्रार्थना केल्याशिवाय तो कपाला हात लावू द्यायचा नाही. "प्रभू, बडेबाबूच्या मूळव्याधीले आराम दे, अन् त्यायचं खोटं बोलनं सोडव." समोर पब्लिक रांगेत उभं. आमच्या हेडक्लार्कची, बडेबाबूंची, तक्रार धर्माबद्दल नव्हती, मूळव्याधीच्या जाहिरातीबद्दल होती.

"अरे, मनातल्या मनात म्हण ना," आम्ही म्हणायचो.

"चांगली गोष्ट हाये, बाबू. लपवाची काऊन?"

ही ऐंशीच्या दशकातली गोष्ट, आरमोरीची. बाजाराच्या दिवशी तो सुक्या मासळीच्या ओळीजवळ उपड्या टोपल्यावर उभा राहायचा. तुम्ही असता तर तुम्हीही हसला असता. "मी दारू पिऊन बायकोले मारत होतो! येशूनं मले सोडवलं! कोनाले काई विचाराचं असन तं विचारा!" लोक सुकटीचा भाव विचारायचे. कोणी टमाटे मारायचं. तो सदरा पुसायचा, बोलणं पूर्ण करायचा आणि त्यातले बरे निघालेले टमाटे घरी न्यायचा. एकदा मात्र दगड आला. भुवईवर चार टाके पडले. पुढच्या बाजाराला पट्टी बांधून स्वारी त्याच टोपल्यावर हजर, आणि आम्ही शहाणे लोक लांबून मान हलवत उभे.

तो आमच्याच वस्तीतला. वस्ती बौद्ध, माझ्या वडिलांनी छप्पन साली दीक्षा घेतलेली. दर पौर्णिमेला पांढरा सदरा घालून मी विहारात पहिल्या ओळीत. साहजिकच त्याला समज द्यायला मंडळी बसली तेव्हा बोलायचा मान मला मिळाला. निष्ठा म्हणजे काय, यावर मी अर्धा तास बोललो. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि शेवटी भर वस्तीसमोर माझ्यासाठीही प्रार्थना केली. त्यानंतर लग्नाच्या पंगतीचं बोलावणं त्याच्या घरी जाणं बंद झालं.

मग ऑफिसात शिपायाची कायम जागा निघाली. त्यानं नऊ वर्षं रोजंदारी केली होती, घरात तीन पोरी होत्या. सगळं त्या जागेवर अवलंबून. जागा राखीव होती, आणि ऑफिस केंद्र सरकारचं. त्या काळी केंद्राच्या नियमात ही सवलत हिंदू महाराला होती; बौद्धाला नव्हती, ख्रिश्चनाला तर नव्हतीच. पण त्याच्या शाळेच्या दाखल्यावर जुनंच लिहिलेलं होतं, 'हिंदू महार'. फक्त गप्प बसायचं होतं. आमच्या वस्तीतली चार माणसं अशीच गप्प बसून नोकरीला लागली होती. त्यांतला एक मी.

त्याचा अर्ज मीच भरला, माझ्या सुंदर अक्षरात. धर्माच्या रकान्यात 'हिंदू' लिहिलं. त्यानं वाचला आणि परत माझ्या टेबलावर ठेवला.

"हे खोडा."

"अरे, पोरींकडे बघ. कागदाला कोण विचारतो?"

"बाजारात एक अन् कागदावर एक, असं कसं जमन, बाबू? ख्रिश्चन लिवा."

मी खोडलं, ख्रिश्चन लिहिलं आणि नियमाप्रमाणे बाजूला सही केली. मनातल्या मनात त्याला चार शिव्याही घातल्या.

गडचिरोलीहून साहेब मुलाखती घ्यायला आले. माणूस वाईट नव्हता. खाडाखोड बघून म्हणाले, "चुकून झालं असेल. दाखल्यावर हिंदू आहे. हिंदूच ना?"

नुसती मान हलवायची होती.

"नाई साहेब. मी येशूचा मानूस आहो."

साहेब चिडले. "तुमच्याच वस्तीतले लोक इथे लागले आहेत. त्यांनी काय लिहिलं होतं?"

मी फाइल घेऊन शेजारीच उभा होतो. त्यानं एकदा माझ्याकडे पाहिलं.

"त्यायचं त्यायले विचारा, साहेब. मी माझं सांगून राह्यलो."

साहेबांनी मला विचारलं नाही. मीही आपणहून तोंड उघडलं नाही.

जागा गेली. कायमचा माणूस रुजू झाला तशी याची रोजंदारीही बंद झाली. बडेबाबू म्हणाले, मूर्ख आहे. आम्ही सगळ्यांनी दुजोरा दिला. शेवटच्या दिवशी मी त्याच्याबरोबर फाटकापर्यंत गेलो आणि हळूच म्हटलं, "तू माझं नाव घेतलं नाहीस."

"मी काऊन घेऊ? तुमचं तुमी सांगान ना, बाबू."

तो गोंडपिपरीकडे रस्त्याच्या कामावर गेला. तिथल्या बाजारातही उभा राहायचा म्हणे. काही वर्षांनी तो वारल्याचं कानावर आलं. त्या दिवशी मला माझी फार लाज वाटली. दुसऱ्या दिवशी मी वेळेवर ऑफिसला गेलो.

पुढे दोन बढत्या झाल्या, घर बांधलं, पौर्णिमा एकही चुकवली नाही. सरकारी कागदावर मात्र शेवटपर्यंत हिंदूच राहिलो. आज हे तुम्हाला सांगतो आहे, पेन्शन सुरू झाल्यावर.