आईची बाळी

"असं म्हंतासा?" हे आप्पांचं कुठल्याही गोष्टीवरचं पहिलं उत्तर. चहा घेणार का विचारा, पगार वाढल्याचं सांगा, ते आधी क्षणभर दूर कुठेतरी बघत, जणू तुमचं वाक्य तिकडून हळूहळू चालत येणार आहे, आणि मग म्हणत, "असं म्हंतासा?"

उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीत ते साचे भरायच्या कामावर होते आणि मी तिथल्या ऑफिसात. खानापूर रोडवरच्या आपल्या गावातून मोटारसायकलवर येत. पन्नाशी उलटलेली, मिशा भरघोस. साच्यात लोखंड ओततानाचा केशरी उजेड बघत ते उभे राहिले की त्यांना हाक मारायला कुणी धजत नसे. हात कामात आणि मन भलत्याच गावाला, अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील.

एकदा दुपारी डबा खाता खाता ते म्हणाले, "आई मला वळकंना झालीया, अण्णा."

मी घास तसाच धरून बसलो.

"घरात गेलो की डोक्यावर पदर घेत्या. म्हंत्या, पावणं आल्यात, पाणी द्या. माझ्या हातनं जेवत न्हाय. परक्या बाप्याच्या हातचा घास कसा खायाचा, म्हंत्या."

"मग ओळखतात तरी कुणाला?"

"बाळीला."

बाळी म्हणजे तेच. त्यांच्या आधीचे तीन मुलगे पाळण्यातच गेले होते. चौथा झाला तेव्हा आईनं त्याचं नाक टोचून त्यात सोन्याची बारीक बाळी घातली, झगा शिवला, केस वाढवून वेण्या घातल्या. मुलगी आहे असं समजून तरी मरणानं याला सोडावं, एवढंच तिचं म्हणणं. शाळेत नाव घालीपर्यंत आप्पा गावभर बाळी म्हणूनच हिंडले. आता ऐंशी ओलांडलेली आई रोज तिन्हीसांजेला दारात बसून हाका मारी, "बाळी, ये गं, अंधार पडालाय."

आप्पांनी खिडकीबाहेर बघितलं. "नाक परत टोचून घ्यावं म्हंतोय."

या वेळी "असं म्हणता?" हे माझ्याच तोंडून निघालं.

एकट्याला लाज वाटते म्हणाले, म्हणून रविवारी मी बरोबर गेलो. टिळकवाडीत पहिल्या मजल्यावर नाक-कान टोचायचा स्टुडिओ होता. काचेचं दार, आत गार हवा, कुठूनतरी पाण्यासारखं संगीत झुळझुळत होतं. निळे केस केलेल्या मुलीनं आधी माझ्याकडे बघून विचारलं, "कान का?"

"न्हाय. मला. नाक," आप्पा म्हणाले.

तिनं त्यांना खुर्चीत मागे रेलवलं आणि दिवा जवळ ओढला. उजव्या नाकपुडीवर बोटभर अंतरावरून बघत ती थांबली. "काका, इथं जुनी खूण आहे. बुजलीय, पण आहे."

"तितंच कर बाई."

तिनं कारण विचारलं आणि आप्पांनी सांगितलं. तिनं हातमोजे काढले, उठून ते संगीत बंद केलं, नवे मोजे चढवले आणि म्हणाली, "डोळे मिटा. श्वास हळूच सोडा."

पायावर तापलं लोखंड उडालं तरी हूं की चूं न करणाऱ्या या माणसानं माझं मनगट घट्ट धरलं. एका डोळ्यातून पाणी कानाकडे ओघळलं. डोळे उघडले तेव्हा नाकात बाळी होती आणि आप्पा छताकडे बघत होते.

"दुखतंय का?" मी विचारलं.

"आईच्या लुगड्याचा वास आला बघा," ते म्हणाले.

मुलीनं मिठाच्या पाण्यानं कसं धुवायचं ते समजावलं. मग चाचरत म्हणाली, "काका, या मिशांत मात्र ती दिसणार नाही हं."

आप्पा खाली उतरले, रस्ता ओलांडून समोरच्या सलूनमध्ये शिरले आणि मिशा उतरवूनच बाहेर आले. ओठाच्या वर गोरी पट्टी, नाक सुजून लाल. मला हसू आवरेना. तेही हसले.

गावात पोचलो तेव्हा दिवस कलला होता. आई सोप्यात भिंतीला टेकून बसली होती. आप्पांची बायको स्वयंपाकघराच्या दारात येऊन थबकली. नवऱ्याचं तोंड बघून तिनं पदर ओठावर धरला. आप्पा आईसमोर जमिनीवर बसले. म्हातारी बराच वेळ बघत राहिली. मग तिचा हात उठला आणि एक बोट अलगद त्या बाळीशी आलं.

"कुटं गेलतीस गं?"

"खेळायला गेलतो..." आप्पा अडखळले. "गेलते, आई."

"आणि केस कुणी कापलं तुझं?" तिनं त्यांच्या पाठीत एक धपाटा घातला. मग आप्पांच्या हातचा दूधभात ती सगळा जेवली.

रोज असं झालं नाही. काही दिवस ती पुन्हा डोक्यावर पदर घेई. सकाळी कामावर आले की आप्पा मला एवढंच सांगत, "काल पावणा हुतो," किंवा "काल बाळी हुतो." फाउंड्रीतली पोरं सुरुवातीला हसली. आप्पांनी त्यांनाही "असं म्हंतासा?" म्हटलं, आणि काही दिवसांनी हसणं संपलं.

थंडीत आई गेली. मी भेटायला गेलो तेव्हा ते म्हणाले, "गेली त्या येळी मी बाळी हुतो, अण्णा."

पुढे त्यांनी काम सोडलं आणि शेती बघू लागले. भाताच्या लावणीच्या दिवसांत मी बसनं खानापूरला निघालो होतो. त्यांच्या गावाजवळ बस थांबली. झिमझिम चालू होती. रस्त्याखालच्या शेतात डोक्यावर पोत्याची खोळ घेतलेल्या बायका वाकून रोपं लावत होत्या. त्यांत आप्पा कुठे दिसतात का, बघत राहिलो. सगळ्या पाठी सारख्याच दिसत होत्या. बायका गात होत्या. बस हलली तेव्हा त्या गाण्यात एक जाड, संथ, पुरुषाचा आवाज मिसळलेला ऐकू आला. बस वळेपर्यंत येत राहिला.