तळमजल्याची जागा

देवावर माझा रागच होता, खोटं कशाला बोलू. कांदिवलीतली आमची भाड्याची खोली मालकाने विकली आणि महिनाअखेरीला रिकामी करा म्हणून सांगितलं. सासूबाईंचे गुडघे गेलेले, जिना चढवत नाही, म्हणून तळमजलाच हवा होता. एजंट दाखवी ते सगळं तिसऱ्या-चौथ्या मजल्यावर, लिफ्टशिवाय. शेवटी आमचे हे म्हणाले, "मम्मीला थोडे दिवस ताईकडे नाशिकला ठेवू या." थोडे दिवस म्हणजे काय, ते आम्हा तिघांनाही कळत होतं. सासूबाई साड्यांच्या घड्या घालू लागल्या. मला फार वाईट वाटलं.

त्या रविवारी सासूबाईंना घेऊन चर्चमध्ये मिस्सेला गेले ती तोंड फुगवूनच. फादर प्रवचनात सांगत होते की प्रभूने पित्याच्या घरी आपल्यासाठी जागा तयार ठेवलीय, तिथून आपल्याला कुणी काढणार नाही. आता मुंबईत जागा म्हटलं की दुसरं काय डोक्यात येणार? त्यात सासूबाईंना ऐकू येतं कमी आणि बोलतात मोठ्याने. माझा हात धरून म्हणाल्या, "फादर जागा देतायत? तळमजला आहे का, विचार ना गं."

अख्खं चर्च हसलं, फादरसुद्धा. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मिस्सा संपल्यावर एक अनोळखी बाई आमच्याजवळ आल्या. गोराईच्या होत्या, भाचीच्या बाप्तिस्म्याला आलेल्या. म्हणाल्या, "आजी, माझ्या घरामागची खोली रिकामी आहे. तळमजलाच आहे, पण बोटीने यावं लागेल. चालेल?"

"बोटीला जिना नसतो ना? मग झालं," सासूबाई म्हणाल्या.

तिघंही एकत्र राहायला गेलो. आजवर प्रत्येक मालकाची पहिली ताकीद एकच, भिंतीला खिळा ठोकायचा नाही. त्यामुळे आमचा क्रूस कायम कपाटावर टेकवलेला. इथेही मी तसाच ठेवत होते, तर त्या बाई हातोडी घेऊन आल्या. "अगं, पडेल की तो. ठोक खिळा, आपलंच घर आहे." मी खिळा ठोकला आणि तिथेच रडत बसले.

हीही जागा भाड्याचीच, मला ठाऊक आहे. पण आता उद्याची धास्ती वाटत नाही. माझ्या धावपळीने जे जमलं नाही ते देवाने एका चुकीच्या ऐकण्यातून जमवलं, तर पुढचंही त्याच्यावरच सोडलेलं बरं. रोज संध्याकाळी प्रार्थना झाली की सासूबाई क्रुसाकडे बघून सांगतात, "वरची जागा निवांत तयार कर रे बाबा, आम्हाला काही घाई नाही."