खिंडीतल्या देवाला रानमोडी

मेश्राम मॅडम गेल्या असं सकाळी गावच्या ग्रुपवर आलं, आणि मी पहिला मेसेज टाकला, "कशावरून? कोणी सांगितलं?"

फोटोला हार घातलेला होता. तरी पटेना. हल्ली मोबाईलवर जिवंत माणसांनाही हार घालतात.

म्हसळ्याच्या फॉरेस्ट ऑफिसात फोन लावला. तिथले साहेब म्हणाले, "खरंय मंदाताई. वर्ध्याला, घरीच. हार्ट अटॅक."

मग मात्र पटलं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. मॅडम आमच्या जंगलाच्या फॉरेस्टर. मागच्या वर्षी बदली होऊन आपल्या गावाकडे गेल्या. मी जंगलाच्या गेटवर बसते, बाजूलाच माझी चहाची टपरी. ट्रेकवाल्यांच्या बॅगा तपासते, बाटल्या काढून ठेवते आणि त्यांच्या कंप्लेंट ऐकते.

कंप्लेंट तरी काय एकेक! चढ फार आहे. रेंज नाही. रातकिडे फार ओरडतात, काही करता येईल का?

मॅडम आल्या तेव्हाच मला डाऊट आला होता.

वर्ध्याची बाई एवढ्या लांब कोकणात पोस्टिंग मागून घेते? उगाच? आमच्या खिंडीतून समुद्र दिसतो. आणि जिथून समुद्र दिसतो तिथं कोणा ना कोणा रिसॉर्टवाल्याचा डोळा असतोच.

त्यांनाही माझा डाऊट होता. आल्या आल्या माझ्या टपरीमागची लाकडं खालीवर करून पाहिली.

"काय पाहून राहिली गं माझ्याकडे?"

"तुम्ही काय बघताय ते बघते."

अशी आमची ओळख झाली.

आता खिंडीचं ऐका. वर खिंडीत देव आहे. देऊळ नाही, शेंदूर लावलेला दगड. खिंड ओलांडायची तर आधी त्याला एक हिरवी डहाळी मोडून वाहायची. आजा-पणजापासून चालत आलंय, त्यामुळे देवापुढं डहाळ्यांचा हा मोठा ढीग.

खिंडीच्या पलीकडच्या वाडीत माझी आई राहते. एकटी. खिंडीतून गेलं तर चहा गरम असेपर्यंत पोचते मी. रस्त्यानं जायचं तर दोन एसट्या बदला आणि दिवस घालवा.

एका ट्रेकवाल्यानं व्हिडिओ टाकला. राखीव जंगलात गाववाले राजरोस झाडं मोडतात, फॉरेस्टवाले झोपलेत का?

झालं. वरून ऑर्डर आली. ढीग हटवा, खिंड बंद करा.

मी म्हटलं, बघा, मी सांगत नव्हते? आता कळेल बाई कशासाठी आलीय ते.

मॅडम माणसं घेऊन वर निघाल्या. आम्ही सगळ्या बायका मागोमाग. गुरवही आला.

"ढिगाला हात लावाल तर याद राखा," मी म्हटलं.

"अगं, वाळून कोळ झालाय हा. कोणी बिडी टाकली तर अख्खा डोंगर जाईल. तुझी टपरी पण."

मग त्यांनी इकडंतिकडं पाहिलं. वाटेकडेची रानमोडी मुळासकट उपटली आणि गुरवाला विचारलं, "देवाला अमुकच झाड पाहिजे असं आहे का?"

"न्हाय. हिरवं पायजे."

"मग हे हिरवं नाही का?"

रानमोडी! सगळं जंगल गिळत चाललेलं तण. गुरंसुद्धा तोंड लावत नाहीत. ते देवाला?

मी म्हटलं, "तुमच्याकडं पाव्हणे आले की त्यांना गवत वाढता का?"

गुरव म्हणाला, "भांडू नका. द्येवालाच इचारू."

कौल लावला. दगडाला दोन्ही बाजूंनी फूल चिकटवलं. उजवं पडलं तर होकार. सगळ्या बायका हात जोडून उभ्या.

उजवं पडलं.

मी आधी गुरवाकडे पाहिलं, मग मॅडमकडे. कोणीतरी फुंकर मारली असणार, हे माझं मत आजही आहे.

मॅडमनी वर कळवलं की गाववाले झाडं मोडत नाहीत, तण काढतात. ऑर्डर मागे घेतली गेली. खिंड उघडी राहिली.

गेटवर बोर्ड लागला. वर जाणाऱ्या प्रत्येकानं एक रानमोडी मुळासकट उपटायची आणि देवाला वाहायची. वाळलेला ढीग आम्ही बायका वेळच्या वेळी खाली उतरवायचो. मुंबई-पुण्याची पोरं घाम गाळून तण उपटायला लागली. वर सेल्फी.

मी मात्र वाट बघत होते, रिसॉर्टवाला कधी येतो. आला नाही.

बदली झाली तेव्हा मॅडम टपरीवर चहाला आल्या. मी म्हटलं, "आता जाताय तर खरं सांगा. फुंकर तुम्हीच मारली ना?"

खूप हसल्या.

"तुझा कोणावर तरी विश्वास आहे का गं?"

"न्हाय."

"बरंय. गेटवर असंच माणूस पाहिजे."

सांगितलं नाहीच शेवटपर्यंत. आता कोणाला विचारू?

आज दुपारी गेट लावलं आणि खिंडीत गेले. त्यांच्या नावानं एक रानमोडी वाहावी म्हटलं. दोन्ही बाजूला बघत बघत चढले.

खालपासून वरपर्यंत एक मिळाली नाही. जिथं कमरेएवढी माजली होती तिथं आता जांभळाची, ऐनाची रोपं उभी आहेत.

रिकाम्या हातानं देवापुढं उभी राहिले आणि रडू फुटलं.

मग जांभळीची हिरवी डहाळी मोडली, वाहिली आणि तशीच पलीकडे उतरले. हे आईच्या ओटीवर बसून लिहितेय. चहा गरम आहे.

मॅडम, आज मी राखीव जंगलात जिवंत झाडाची डहाळी मोडली. तुमच्यासाठी मोडली.

कंप्लेंट करायची तर या. मी गेटवरच असते.