दोन कॅन खुरासणी

तुमाला वाटलं असेल, मुरबाडकडचा पोरगा तेलावर लिहितोय म्हणजे आता घाण्याचा बैल येणार. नाय येणार. आमचा घाणा करंटावर चालतो, आणि बैलाची नक्कल मला जमत पण नाय.

जमते ती ताईच्या सासूबाईंची. त्या शहापूरच्या. मागच्या वैशाखात आईनं पाठवलेलं खुरासणीचं, म्हणजे कारळ्याचं, तेल त्यांनी हुंगलं, नाक वर केलं नि म्हणाल्या, "तेल पाठवलंय का वार्निश, गो?" मी ही नक्कल केली की घर हसायचं, आई सोडून. आमच्याच माळावरची खुरासणी, आईनं निवडलेली, आणि तेल चार महिन्यांत खवट. तिला ते फार लागलं होतं.

मी बीएस्सीला. सरांना विचारलं. सर म्हणाले, "हवा तेलाला खाते. काही पानांत असं एक द्रव्य असतं, की हवा आधी त्यालाच धरते नि तेल वाचतं. तूप कढवताना आई विड्याचं पान टाकते ना? कढीपत्त्यातही तसंच असतं."

मग यंदा तेलाचे पाच-पाच लिटरचे दोन कॅन आल्याबरोबर मी कढीपत्ता सावलीत कडकडीत वाळवला, कारण पाणी राहिलं तर तेल आणखी बिघडतं. कुटून एका कॅनमध्ये मुरवला, आठवड्यानं फडक्यातून गाळलं. दुसरा कॅन तसाच ठेवला, तुलनेला.

वैशाखात दोन्हींतलं थोडं थोडं कॉलेजात नेलं. तिथं एक निळा रंग थेंब टाकून घालवायचा असतो. तेल जितकं बिघडलेलं, तितके थेंब जास्त. पाल्याच्या तेलाचा रंग पटकन गेला. दुसऱ्याला थेंब टाकून टाकून माझा हात भरून आला. सरांनी सगळ्या वर्गाला बोलावून दाखवलं. मी कॉलर नीट केली.

पाल्याचा कॅन मीच शहापूरला नेला. सासूबाईंनी दोनदा हुंगलं. नाक खालीच. ताईला म्हणाल्या, "भजी ह्याच्यात काढ." अकरा खाल्ली मी.

घरी येऊन आईला सासूबाईंचं हे हुंगणं करून दाखवलं. ह्या वेळी ती पण हसली. मग फोडणीला तिनं दुसरा कॅन उघडला.

"हा खवट कसा रे?"

"त्यात पाला नव्हता. तुलनेला ठेवलेला."

"म्हंजे खवट व्हनार हे तुला ठाव व्हतं?"

"हो. म्हणून तर..."

"तुलनेला वाटीभर ठेवायचं व्हतं, मेल्या. पाच लिटर? सासूबाईंनी वार्निश म्हटलं ते तेल खवट व्हनार, हे निदान मला ठाव नव्हतं. तू शिकून सवरून केलंस."