पंचांना विचारलेला प्रश्न

समाजशास्त्र हा शब्द मी पहिल्यांदा चुलीपाशी बसून ऐकला. धाकटा दीर मुंबईला कॉलेजात तेच शिकत होता. त्याने आपले प्रोफेसर आणि चार-पाच विद्यार्थी धानोऱ्याला आमच्या घरी आणले. नुकतंच शिकायला लागलेल्या मुलांना खेडं दाखवायचं, असं प्रोफेसरांच्या मनात होतं. खेडं म्हणजे आमचं घर, कारण माझे सासरे जातीचे पंच होते.

माझं माहेर नवापूरच्या पलीकडे, डोंगरात. तिथे आमच्या जातीची घरं थोडी. आमच्या शेताला लागून एका ख्रिस्ती कुटुंबाचं शेत होतं. नांगरणीला त्यांचे बैल आमच्याकडे, कापणीला आमची माणसं त्यांच्याकडे. त्यांच्या मुलीच्या लग्नात वडील पंगतीला बसले आणि जातीने त्यांना वाळीत टाकलं. त्या दिवसापासून माझं माहेर बंद झालं. मी तिथे गेले, पाणी प्याले, तर सासरही वाळीत.

आणि आई अंथरुणाला खिळली होती.

सासूबाई कडक होत्या, पण त्यांनी वाट काढली होती. पाहुणे यायच्या आदल्या दिवशी त्या मला हळूच म्हणाल्या, "या लोके गयात का तू जाय. पाणी आठलंच संगे ले. दारमाच उभी ऱ्हाय, मायले देखीसन परत ये. कोणले इचारू नको."

सासऱ्यांना हे माहीत होतं. नवापूरला जाणारी बैलगाडी त्यांनीच सांगून ठेवली होती. पण माझ्यासमोर ते त्यावर बोलले नाहीत. आमच्याकडे असंच चालायचं. नियम होता, आणि नियमाकडे पाठ करून बसायची पद्धतही होती.

पाहुण्यांत एक मुलगी होती, माझ्याच वयाची. पाणी घ्यायला आत आली आणि पाटावर बसली. "वहिनी, तुम्ही माहेरी कधी जाता?" तिने विचारलं. माझ्याशी असं कुणी बसून बोलत नसे. मी गव्हाच्या बट्ट्या निखाऱ्यावर उलटत तिला सगळं सांगितलं. कुणाला बोलू नका, असंही सांगितलं. तिने मान हलवली.

जेवणं झाली. पंच ओट्यावर जमले. मी दाराआड होते. प्रोफेसर मुलांना म्हणाले, "अंधारात भिंत दिसत नाही. चालायला लागलं की कपाळाला लागते. समाज तसाच असतो. नियम मोडायला गेलात की तो आहे हे कळतं." मग त्यांनी पंचांना विचारलं, "वाळीत टाकायचं हे ठरवतं कोण?"

"मी काय ठरावनार?" सासरे म्हणाले. "लोके म्हणतस."

"कोण लोक?"

"समदा."

दुसरे पंच हसले. "याले इचारा तर हाऊ म्हणी समदा, माले इचारा तर मीबी म्हणसू समदा." सगळे हसले. प्रोफेसर खूश झाले. "पाहा, सांगणारा सापडत नाही, पण ऐकतात सगळे. लिहून घ्या."

तेव्हा ती मुलगी बोलली. तिला माझं भलं करायचं होतं, हे मला कळतं. ती म्हणाली, "समजा या घरातल्या सूनबाई आजारी आईला नुसत्या बघून आल्या, तिथलं पाणीही प्याल्या नाहीत, तर चालेल ना?"

दिराने मान खाली घातली. एका पंचाने सासऱ्यांकडे पाहिलं, मग दुसऱ्याने. सासऱ्यांनी पागोटं काढून मांडीवर ठेवलं.

"आते इचारंच शे, तर सांगनंच पडी," ते म्हणाले. "नही जावानं."

संपलं. न विचारता जे चाललं असतं, ते विचारल्यावर चालणार नव्हतं. चार पंचांसमोर ते दुसरं काय बोलणार होते? मुलीचा चेहरा उतरला. जाताना ती माझ्यापाशी आली, मी तिच्याकडे पाहिलं नाही. तिचा राग तेव्हा आला होता, अजून आहे. प्रोफेसरांनी सासऱ्यांना हात जोडले. पुस्तकातलं आज डोळ्यांनी बघायला मिळालं, म्हणाले. बैलगाडी त्यांना घेऊन नंदुरबार स्टेशनला गेली.

आई पेरणीच्या आधी गेली. खांदा त्या ख्रिस्ती शेजाऱ्यांनी दिला. निरोप बाजारकऱ्यांकडून आला. सासरे ओट्यावरूनच म्हणाले, "माय व्हती तुन्ही. सुतक पाळ. पण बाहेर कोणले कळू देऊ नको."

जिवंत आईला बघू दिलं नाही आणि मेलेल्या आईचं सुतक चोरून पाळायचं, हे मला जमणार नव्हतं. सुतकात विहिरीला शिवत नाहीत; मी घागर उचलली आणि सगळ्यांदेखत विहिरीवर गेले. माझा राग लोकांना दिसावा, असं मला वाटत होतं.

विहिरीवर बाया होत्या. आईची बातमी त्यांना माझ्याआधीच कळली होती. एकीने माझी घागर उचलून माझ्या डोक्यावर ठेवली आणि दुसरीला म्हणाली, "सून ऱ्हावाले पाहिजे तर अशी. जातना साठे मायनं सुतकबी धरं नही."

गावभर माझं कौतुक झालं.