रोपांच्या अंधारखोलीत

बोरिवलीला, जंगलाच्या कडेला असलेल्या आमच्या कॉलेजात रोपं वाढवायची एक बिनखिडकीची खोली होती. तिथे माझ्या मैत्रिणीचं पीएचडीचं काम चाले. रोपांत एक प्रथिन असतं. अंधारात ते पेशीच्या केंद्रकाबाहेर राहतं, उजेड लागला की आत शिरतं, आणि रोपाला अंधारातल्यासारखं लांबवत ठेवणारी तिथली प्रथिनं मोडीत निघतात. तिला हेच बघायचं होतं. त्यामुळे रोपांना आधी जराही उजेड लागून चालणार नव्हतं. मी तिच्या मदतीला जायचे. रोपांना जवळपास न जाणवणाऱ्या मिणमिणत्या हिरव्या दिव्यात आम्ही वावरायचो; त्यात स्वतःचे हातही धड दिसत नसत.

त्या दुपारी मी ट्रे धरून उभी होते आणि पायावरून काहीतरी थंड, जड सरकत गेलं. संपता संपेना. कोकणातल्या आमच्या घरात सापाचं नाव घेत नाहीत.

"इथे जनावर आहे," मी म्हटलं.

ती कपाटापाशी थिजली. फरशीवर कुठेतरी खसखसलं. फोन माझ्या खिशात होता, पण टॉर्च लावला की तिची सगळी मेहनत वाया. हात खिशापर्यंत जाऊन थांबला.

"लाव गं टॉर्च," ती म्हणाली.

"आणि तुझी रोपं?"

"मरू देत. लाव."

टॉर्च लावला तर ते दाराशीच होतं. पिवळसर, लांबलचक, वेटोळं आवळून. विषारी की बिनविषारी, दोघींनाही कळेना. मी टॉर्च त्याच्यावर रोखून धरला, तिनं शिपायाला फोन लावला. त्यानं बोलावलेला सर्पमित्र येईपर्यंत आम्ही टेबलावर चढून, एकमेकींचे हात घट्ट धरून बसलो. धामण निघाली. एसीच्या पाइपच्या भोकातून आली असावी, असं तो म्हणाला. ती बिनविषारी असते हे ऐकूनही माझे पाय खाली उतरेनात.

रोपं फेकण्याआधी तिनं एक सूक्ष्मदर्शकाखाली ठेवलं आणि मला दाखवलं. चमकावं म्हणून खूण केलेलं ते प्रथिन केंद्रकात शिरून हिरव्या ठिपक्यांनी जमलं होतं. आम्ही टॉर्च लावून टेबलावर बसलो होतो, तेवढ्या वेळात. ती हरखून बघत राहिली. मी मात्र पुन्हा पायांखालची फरशी बघून घेतली.

तिनं भोक बुजवून घेतलं, नवं बी पेरलं आणि मला बोलावलं. मी दारापर्यंत गेले. आतला हिरवा दिवा दिसला आणि पाऊल पुढे पडेना. बाहेरून लागेल ते देते, असं सांगून मी तिथेच उभी राहिले.